मौनाचें मोल

नोकरी सुटली कीं घरांत पहिला प्रश्न उभा राहतो तो पुढील महिन्याच्या खर्चाचा. अशा वेळीं मालक कांहीं महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम देऊं करतो आणि करारनाम्यांत एक कलम घालतो: सेवकानें यापुढें संस्थेविषयीं प्रतिकूल असें कांहीं बोलूं वा लिहूं नये. रक्कम निकडीची आणि अट वरवर निरुपद्रवी. मग सही करावी कीं न करावी?

प्रथम दोन खातीं निराळीं मांडावींत. पहिलें हक्काचें: केलेल्या कामाचा पगार, प्रॉव्हिडंट फंड, पात्रता असल्यास ग्रॅच्युइटी. हें श्रमानें मिळविलेलें धन होय. त्यासाठीं मौनाचें वचन देण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या खात्यांत येतें तें मालकानें त्याहून अधिक देऊं केलेलें. मौनाची खरी किंमत तेवढीच.

हा भेद किती मोलाचा आहे हें अमेरिकेंतील ओपनएआय कंपनीच्या उदाहरणावरून कळून येतें. निंदा न करण्याचा करार न केल्यास, नोकरी सोडणाऱ्यानें आधींच मिळविलेला मालकीचा हिस्साहि काढून घेतां येईल, अशी तरतूद तिच्या कागदपत्रांत असल्याचें मे 2024 मध्यें उघडकीस आलें. डॅनियल कोकोटायलो या संशोधकानें सही नाकारली. तो हिस्सा आपल्या कुटुंबाच्या संपत्तीचा सुमारें 85 टक्के भाग होता, असें त्यानें सांगितलें. गवगवा झाल्यावर कंपनीच्या प्रमुखानें दिलगिरी दर्शविली, कोणाचाहि हिस्सा प्रत्यक्षांत काढून घेतलेला नाहीं असें सांगितलें, आणि कंपनीनें बहुतेक माजी सेवकांस त्या बंधनांतून मोकळें केलें.

दुसरें पाहावयाचें तें कलमाची व्याप्ति. मौन ठराविक मुदतीचें कीं आजन्म? बंधन उभयपक्षीं कीं एकट्या सेवकावर? सरकारकडे तक्रार करण्याची व न्यायालयांत साक्ष देण्याची मोकळीक लेखी आहे काय? वचन मोडल्यास काय परत द्यावें लागेल? कायद्यानें दिलेले हक्क सोडावयास लावणारा असा व्यापक करार सेवकांपुढें नुसता ठेवणें हेंहि बेकायदेशीर आहे, असा निर्णय अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळानें 2023 मध्यें एका रुग्णालयाच्या प्रकरणांत दिला.

तिसरी गोष्ट वेळेची. वयावरून झालेल्या अन्यायाचा दावा करारानें सोडून द्यावयाचा असेल, तर अमेरिकेंत 1990 च्या कायद्यानें 40 वा अधिक वयाच्या सेवकास विचारासाठीं निदान 21 दिवस आणि सहीनंतर माघार घेण्यास 7 दिवस मिळतात. जेथें असें संरक्षण नाहीं तेथें मुदत मागून घ्यावी आणि कागद वकिलास दाखवावा.

एवढें पाहून झाल्यावर उरतो तो मनाचा प्रश्न. ज्यास केवळ जुना राग बोलून दाखवावयाचा आहे, त्यानें रक्कम स्वीकारण्यांत कमीपणा नाहीं. परंतु जें सांगितल्यानें इतरांचें नुकसान टळेल असें कांहीं ज्याला ठाऊक आहे, त्यानें सहीपूर्वीं एक हिशेब अधिक करावा: रक्कम कांहीं महिन्यांत संपेल, मौन त्यानंतरहि पाळावें लागेल.