ख्रिस्ती असणं आणि ख्रिस्ती होणं

'तुम्ही ख्रिस्ती कसे झालात हो?' १८४० च्या दशकातल्या डेन्मार्कमध्ये हा प्रश्न विचारणाऱ्याला लोकांनी वेड्यातच काढलं असतं. झालो म्हणजे? आहोतच की! ल्युथरन चर्च सरकारी, पाद्री पगारी सरकारी नोकर. मूल जन्मलं, बाप्तिस्मा झाला, रजिस्टरात नोंद झाली की काम फत्ते! कोपनहेगनच्या सोरेन किर्केगार्दला (१८१३-१८५५) हेच खटकलं. जन्मतःच सगळे ख्रिस्ती, तर मग होण्यासारखं उरलं काय?

१८४६ साली त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहिला. नाव मोठं गमतीदार, 'समारोपाची अशास्त्रीय पुरवणी'. त्यावर लेखकाचं टोपणनाव होतं योहानेस क्लिमाकस. हा क्लिमाकस आधीच सांगून टाकतो की मी ख्रिस्ती नाही. ते कसं होतात, एवढंच मला विचारायचंय.

सोपं आहे, पुरावे तपासा, असं आपण इंजिनिअरिंगवाले म्हणणार. क्लिमाकस म्हणतो, इतिहासाचे पुरावे कितीही गोळा करा, हाती लागतं ते अॅप्रॉक्सिमेशनच. न्यूटन-रॅफसनमध्ये एरर टॉलरन्सच्या आत आली की आपण थांबतो आणि ते चालतं. पण पणाला माझं शाश्वत सुख लागलंय, तिथे टॉलरन्स किती धरायचा? शिवाय 'अभ्यास चालू आहे' म्हणत निर्णय आयुष्यभर लांबवता येतो, ते वेगळंच!

बरं, मानायचंय काय? तर शाश्वत ईश्वर एका विशिष्ट काळात माणूस होऊन आला. बुद्धीला हा निव्वळ विरोधाभास. कितीही गणित मांडा, तो सुटत नाही. तिथे उडीच घ्यावी लागते. जोखीम नाही तिथे श्रद्धाही नाही, असं त्याचं मत.

म्हणूनच तो सत्याला आत्मनिष्ठ म्हणतो. याचा अर्थ 'मला वाटेल ते खरं' असा नव्हे. माणूस काय मानतो याइतकंच ते कसं मानतो, त्यासाठी जगणं बदलतो का, हे तो बघतो. मग एखादा माथेफिरूही उत्कटपणे काहीही मानेल, त्याचं काय? ही शंका क्लिमाकसलाही येते. डॉन किहोतेचं उदाहरण देऊन तो म्हणतो, क्षुद्र, मर्यादित कल्पनेला अशी अमर्याद उत्कटता चिकटली की ते वेडच. यावर सगळ्यांचं समाधान होईलच असं नाही!

किर्केगार्द मात्र नुसता लिहून थांबला नाही. १८५४ मध्ये बिशप मिन्स्टर वारले. त्यांना 'सत्याचा साक्षीदार' म्हटलं गेलं, आणि याचा संताप अनावर झाला. सुखासीन पद भोगणारा माणूस साक्षीदार कसला? १८५५ मध्ये त्याने 'क्षण' नावाच्या पत्रिकेचे नऊ अंक काढून सरकारी चर्चवर तोफ डागली. त्याच वर्षी तो रस्त्यात कोसळला. हॉस्पिटलमध्ये त्याने पाद्र्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. पाद्री हे राजाचे नोकर, असं त्याचं कारण. ११ नोव्हेंबरला तो गेला, वय अवघं ४२.

'क्षण'चा दहावा अंक त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. त्यात त्याने स्वतःबद्दल लिहून ठेवलं होतं, मी स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नाही. रजिस्टरात त्याची नोंद होतीच. पण त्याच्या हिशेबी ती पुरेशी नव्हती.