भ्रमणध्वनी, अनुभवकथन आणि स्त्रियांवरील हिंसा

रस्त्यावर छळ सोसलेल्या स्त्रीच्या मौनामागे भीतीइतकीच, ठपका आपल्यावरच येईल ही जाणीव असते. इजिप्तमध्ये डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘हॅरॅसमॅप’ या उपक्रमाने हे मौन मोडण्यासाठी भ्रमणध्वनीचा आधार घेतला. घटना कोठे व कशी घडली हे स्त्रीने नाव न सांगता लघुसंदेशाने कळवावे आणि ते निवेदन नकाशावर त्या ठिकाणी नोंदले जावे, अशी ही योजना होती. त्यासाठी केनियातील निवडणुकोत्तर हिंसाचाराच्या नोंदींकरिता २००८ मध्ये निर्माण झालेली ‘उशाहिदी’ ही संगणकप्रणाली वापरण्यात आली. ‘उशाहिदी’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ ‘साक्ष’ असा होतो. एकटीचे कथन अपवाद म्हणून नाकारता येते. एकाच रस्त्यावरील अनेकींची कथने एकत्र आली की त्यांना साक्षीचे मोल प्राप्त होते. ही साक्ष वस्तीपर्यंत पोहोचावी म्हणून स्वयंसेवक दुकानदार, द्वारपाल अशा प्रत्यक्षदर्शींना भेटत आणि छळ होताना स्वस्थ न बसण्याचा आग्रह धरीत. तथापि, जिचा भ्रमणध्वनी दुसऱ्याच्या ताब्यात असतो, तिचे कथन नकाशावर उमटत नाही. म्हणूनच नकाशावरील कोरी जागा सुरक्षित मानणे अभ्यासकाने कटाक्षाने टाळले पाहिजे.