'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' : उत्तराधिकाराचा प्रश्न आणि चित्रपटीय मांडणी

प्रास्ताविक

प्राचीन रोमवरील चित्रपटांचा इतिहासाच्या अध्यापनात पूरक साधन म्हणून उपयोग केला जातो. मात्र असे चित्रपट घटनांबरोबरच त्यांची कारणमीमांसाही प्रेक्षकांच्या मनावर ठसवितात. अँथनी मान दिग्दर्शित 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' (१९६४) हे याचे ठळक उदाहरण होय. सम्राट मार्कस ऑरेलियसनंतर गादीवर कोण, हा या चित्रपटाचा केंद्रबिंदू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रोमन साम्राज्यात उत्तराधिकाराचा निश्चित असा कायदा नव्हता. सिनेटची मान्यता, सैन्याचा पाठिंबा व पूर्वसम्राटाची निवड यांवर सत्तांतर अवलंबून असे. इ.स. ९७ मध्ये नर्व्हाने ट्रेजनला दत्तक घेतले. पुढे हेड्रियनने इ.स. १३८ मध्ये अँटोनायनस पायसला दत्तक घेतले, तेव्हा त्याचे वय ५१ वर्षांचे होते. आपल्याकडील दत्तकविधानात सामान्यतः बालकाचा विचार होतो. येथे मात्र अनुभवी, प्रौढ व्यक्ती 'पुत्र' होत असे. 'गुणवत्तेनुसार निवड' म्हणून या पद्धतीचा गौरव केला जातो. परंतु यांपैकी एकाही सम्राटाला हयात असलेला औरस पुत्र नव्हता, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

मार्कसची स्थिती वेगळी होती. त्याच्या पुत्रांपैकी कॉमोडस हा एकच जिवंत राहिला. इ.स. १७७ मध्ये मार्कसने त्याला सहसम्राट केले. इ.स. १८० मध्ये मार्कसचा मृत्यू झाला, तेव्हा उत्तराधिकारी तीन वर्षांपूर्वीच ठरलेला होता. पुत्राला डावलले असते तर विरोधकांना गादीचा एक आयता दावेदार मिळाला असता व यादवी युद्धाचा धोका निर्माण झाला असता.

चित्रपटातील मांडणी

चित्रपटात मार्कस (अलेक गिनेस) आपला वारस म्हणून लिव्हियस या काल्पनिक सेनापतीची (स्टीफन बॉइड) निवड करतो. परंतु ती जाहीर होण्यापूर्वीच कॉमोडसचे (क्रिस्टोफर प्लमर) हितसंबंधी त्याला विष देतात. रिडली स्कॉट दिग्दर्शित 'ग्लॅडिएटर' (२०००) मध्ये तर कॉमोडस स्वतःच पित्याची हत्या करतो. दोन्ही चित्रपटांत मार्कसचा निर्णय नाहीसा होऊन त्या जागी गुन्हा येतो. पित्याची जबाबदारी अशा रीतीने पुत्राच्या दुष्टपणावर ढकलली जाते.

१९६४ च्या चित्रपटात यापुढील विसंगती आढळते. अखेरीस कॉमोडस हा मार्कसचा नव्हे, तर एका ग्लॅडिएटरचा पुत्र असल्याचे उघड होते. या प्रवादाला प्राचीन लेखनाचा आधार आहे. तथापि, जन्मापेक्षा गुणवत्ता श्रेष्ठ असे सांगणारा चित्रपट खलनायकाच्या दुर्गुणांचा उलगडा मात्र त्याच्या जन्मातूनच करतो.

शेवटच्या दृश्यातील गादीचा लिलाव मात्र निव्वळ कल्पित नाही. कॉमोडसचा खून ३१ डिसेंबर १९२ रोजी झाला. तो द्वंद्वयुद्धात नव्हे, तर कटातून, गळा दाबून झाला. त्यानंतर आलेल्या पर्टिनॅक्सला प्रीटोरियन रक्षकदलाच्या सैनिकांनी तीन महिन्यांच्या आत ठार केले आणि गादी सर्वाधिक बोली लावणाऱ्या डिडियस जुलियानसला दिली. पुढे सैन्यबळावर सम्राट झालेल्या सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. १९५ मध्ये स्वतःला दिवंगत मार्कसचा पुत्र म्हणून घोषित केले. तलवारीने मिळविलेल्या सत्तेलाही नात्याचे अधिष्ठान हवे होते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

तात्पर्य, चित्रपट व्यवस्थेतील उणिवेचे रूपांतर व्यक्तीच्या दोषात करतो. दुष्ट वारसाऐवजी सज्जन वारस आला असता तर साम्राज्य टिकले असते, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात त्यातून दृढ होऊ शकतो. वस्तुतः नियमाविना होणारे प्रत्येक सत्तांतर, मग वारस कसाही असो, धोक्याचेच होते. म्हणून असा चित्रपट वर्गात दाखविताना इ.स. १७७ चा निर्णय व इ.स. १९३ मधील घटना यांची जोड त्यास देणे आवश्यक ठरते. 'खलनायक कोण?' या प्रश्नाकडून 'निवडीचा अधिकार कोणाचा?' या प्रश्नाकडे विद्यार्थी वळला, तर चित्रपटाचा अध्यापनातील उपयोग सार्थ ठरेल.