पांतेल्लेरियाचें पांढरें मद्य आणि त्याचे सोबती

सिसिली आणि ट्युनिशिया यांच्या मधल्या समुद्रांत पांतेल्लेरिया नांवाचें एक बेट आहे. विस्तार उणापुरा ८३ चौरस किलोमीटर. राज्य इटलीचें, पण आफ्रिकेचा किनाराच त्याला अधिक जवळ. ज्वालामुखीनें घडविलेलें हें बेट काळ्या खडकांचें आहे. तेथें नदी नाहीं, पाऊस बेताचा, आणि वारा मात्र वर्षाचे बहुतेक दिवस थांबत नाहीं. अशा ठिकाणीं द्राक्षें पिकावींत आणि त्यांच्या पांढऱ्या मद्यानें नांव मिळवावें, हें कसें घडलें तें आज सांगावयाचें आहे. त्या मद्याबरोबर काय खावें, हा प्रश्नहि त्यांतच सुटतो.

येथील द्राक्षाचें नांव झिबिब्बो. अरबी भाषेंत 'झबीब' म्हणजे मनुका, त्यावरून हें पडलें. द्राक्ष मस्कत जातीचें, टपोरें व सुवासिक. आपल्याकडील मांडवावर चढलेले वेल पाहण्याची संवय असलेल्यास येथला मळा ओळखूंहि यावयाचा नाहीं. शेतकरी जमिनींत वीतभर खोल आळें खणतो आणि वेल त्यांत बसवितो. खोड आंखूड, फांद्या चोहोंकडे पसरलेल्या. वारा वरून निघून जातो. पाटाचें पाणी नाहीं. रात्रींच्या दंवानें जें मिळेल तेवढ्यावर पुष्कळसें भागवावयाचें. उतारावर नुसते दगड रचून केलेल्या पायऱ्या आहेत, त्यांवर यंत्र चालत नाहीं. छाटणी, खणणी, तोडणी, सारें वांकून, हातानें. २०१४ सालीं युनेस्कोनें या लागवडीची मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली. मान मोठा खरा. परंतु नोंद झाली म्हणजे वांकणाऱ्या पाठी मिळतातच असें नाहीं. गेल्या शतकांत मळ्यांचें क्षेत्र फार घटलें, आणि मळा सुटला कीं बांधहि ढांसळतो.

या द्राक्षापासून दोन तऱ्हेचीं मद्यें होतात. एक कोरडें, म्हणजे ज्यांत साखर जवळजवळ उरत नाहीं असें. वास घेतांच संत्र्याच्या फुलांची आठवण होऊन जीभ गोडाची अपेक्षा करते, आणि घोट घेतां तर खारटसर, तरतरीत चव! ज्यांना हा विरोध रुचत नाहीं त्यांनीं यापासून दूर राहावें. मला मात्र त्यांतच गंमत वाटते.

याचा पहिला सोबती म्हणजे बेटावरील केपर. आषाढी द्वादशीला आपण जिची भाजी करतों त्या वाघाटीचें हें भावंड. मात्र फळाऐवजीं येथें न उमललेली कळी जाड्या मिठांत मुरवितात. उकडलेले बटाटे, टोमॅटो, कच्चा कांदा, ऑलिव्ह आणि या कळ्या यांची कोशिंबीर ऑलिव्हच्या तेलांत कालवितात. अशा खाऱ्या, तिखटसर पदार्थापुढें मिळमिळीत मद्य पाणचट लागतें, हें टिकतें. वाफवलेल्या रव्याचा माशांच्या रश्शाबरोबरचा 'कुसकुस', जो समोरच्या आफ्रिकेंतून आला, तोहि याला चांगला जुळतो. व्हिनेगर मात्र जपून घालावें, तें सुगंध मारतें.

दुसरें मद्य 'पास्सितो', गोड. ऑगस्टमध्यें तोडलेलीं द्राक्षें उन्हांत पसरून सुकवितात आणि मागाहून तोडलेल्या द्राक्षांच्या आंबणाऱ्या रसांत मिसळतात. रंग अंबराचा, चव जर्दाळू, अंजीर आणि मधाची. (जून १९४३ मध्यें दोस्त सैन्यानें हें बेट घेतलें, त्या मोहिमेचें सांकेतिक नांव 'कॉर्कस्क्रू', म्हणजे बुचें काढण्याचें मळसूत्र, असें होतें!)

गोड मद्याबरोबर भरपूर गोड मिठाई ठेवण्याची चाल आहे. ती मला मान्य नाहीं. पदार्थ मद्याहून गोड झाला कीं मद्य आंबट व पातळ लागतें. त्यापेक्षां निळ्या बुरशीचें खारें चीज घ्यावें. पुरणांत चिमूटभर मीठ घातल्यानें गोडी कशी उठून दिसते, तसेंच हें. गोडच हवें असेल तर बेटावरचा 'बाचो' घ्यावा: तळलेल्या दोन कुरकुरीत फुलांमध्यें निवळीपासून केलेलें मऊ रिकोट्टा, आणि साखर बेताची. पेला लहान असावा, मद्य गार असावें. पण बर्फासारखें नव्हे, नाहीं तर सुवास उमलतच नाहीं.