विश्लेषण : स्टँडअप कॉमेडीत धक्का आणि शिवराळपणा का? मर्यादा कोण ठरवणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये समय रैनाच्या ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या यूट्यूब कार्यक्रमात रणवीर अलाहाबादियाने एका स्पर्धकाला आई-वडिलांविषयी अत्यंत आक्षेपार्ह प्रश्न विचारला. मुंबई आणि गुवाहाटीत तक्रारी झाल्या, अलाहाबादियाने माफी मागितली, रैनाने सगळे भाग काढून टाकले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर विनोदाच्या मर्यादेची चर्चा थांबलेली नाही.

धक्का बसल्यावर हसू का येते?

पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एखादा संकेत मोडला जातो आणि त्याच वेळी त्यात खरा धोका नाही असे वाटते, तेव्हा हसू येते. संकेत मोडलाच नाही तर विनोद मिळमिळीत होतो. धोका खरा वाटला तर हसू जाऊन संताप येतो. शिवी हा संकेत मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग. ओपन माइकवर नवख्या कलाकाराला चार-पाच मिनिटेच मिळतात. तेवढ्यात दाद हवी असेल तर अनेक जण हाच मार्ग धरतात. मात्र पहिल्या शिवीला बसणारा धक्का दहाव्या शिवीला बसत नाही, म्हणून पुढच्या वेळी आणखी टोकाचे काही बोलावे लागते.

हे नवे आहे का?

नाही. अमेरिकेत लेनी ब्रूस याला १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अश्लीलतेबद्दल दोषी ठरवले. १९६६ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि माफी मिळाली ती २००३ मध्ये. जॉर्ज कार्लिनने टीव्हीवर चालत नाहीत अशा सात शब्दांवर १९७२ मध्ये विनोद रचला. तो रेडिओवर लागला आणि वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कार्लिनचा रोख मात्र शब्दांना घाबरणाऱ्या समाजावर होता.

आपल्याकडेही तमाशातली बतावणी सोवळी कधीच नव्हती. दादा कोंडकेंनी तीच परंपरा चित्रपटात आणली. पण दादांचे वाक्य वरवर साधे असे. चावट अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात तयार व्हायचा आणि पकडला जायचा तो हसणाराच. आजच्या धक्कातंत्रात ही आडपडद्याची गंमत बहुतेकदा गळून पडते.

मग आता वाद जास्त का होतात?

डिसेंबर २०१४ मध्ये वरळीत झालेल्या ‘एआयबी नॉकआउट’ला हजारो लोक तिकीट काढून आले होते. काय ऐकायला मिळणार, हे त्यांना ठाऊक होते. कार्यक्रमाचे चित्रीकरण यूट्यूबवर आले आणि मग तक्रारी झाल्या. सभागृहात कलाकार आणि प्रेक्षक यांच्यात अलिखित करार असतो. तीस सेकंदांचे रील मात्र थेट घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचते. तिथे ना संदर्भ असतो, ना करार.

कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर ऑनलाइन प्रसारित केल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेतही अश्लीलतेविषयी तरतुदी आहेत. पण शिवराळ आणि अश्लील हे कायद्याच्या लेखी एक नाही. ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हाच फरक स्पष्ट केला. भाषा असभ्य आहे, एवढ्यावरून ती अश्लील ठरत नाही. अलाहाबादियाला न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिले, पण कठोर शब्दांत फटकारलेही.

खरा प्रश्न शब्दांचा की लक्ष्याचा?

याच काळात स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीच्या रुग्णांसाठी काम करणारी एक संस्था न्यायालयात गेली. तिची तक्रार शिव्यांची नव्हती. दुर्मीळ आजार असलेल्या बाळाच्या महागड्या उपचारावर आणि दिव्यांगांवर केलेल्या विनोदांची होती. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने रैनासह पाच जणांना आपापल्या माध्यमांवर जाहीर माफी मागण्यास सांगितले. ज्या आई-वडिलांनी मुलाच्या एका इंजेक्शनसाठी लोकांपुढे हात पसरले, त्यांना तो विनोद ऐकताना काय वाटले असेल, हे समजायला कायद्याचे पुस्तक लागत नाही.

मग बंदी हा उपाय आहे का?

त्यात धोका आहे. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या राजकीय विडंबनानंतर खारच्या ‘हॅबिटॅट’ या जागेची तोडफोड झाली. ‘लेटेंट’चे चित्रीकरणही तिथेच झाले होते. म्हणजे सभ्यतेच्या नावाने उगारलेली काठी उद्या सत्तेवरच्या टीकेवरही पडू शकते आणि तिचा मार तिकीट विकून जागा चालवणाऱ्याला आणि ओपन माइकवरच्या नवख्या कलाकारालाही बसतो. कार्यक्रम प्रौढांसाठी आहे हे आधी स्पष्ट सांगणे, क्लिप टाकताना संदर्भ न तोडणे आणि तक्रार असेल तर कायद्याच्याच वाटेने जाणे, एवढे तरी सर्वांना पाळता येईल.

आणि प्रेक्षकापुरती एक साधी कसोटी आहे. ज्याच्यावर विनोद झाला, तो पुढच्या रांगेत बसला असता तर आपण तेवढ्याच मोकळेपणाने हसलो असतो का?