सब कुछ पु. ल., पण हक्क कुणाचे?

पडद्यामागची माणसं : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण मालिकेचा एक एपिसोड कागदावरून कॅमेऱ्यापुढे कसा जातो ते पाहिलं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, शीर्षकगीताची चाल चौथ्याची, आणि मानधनाचा चेक प्रसारणानंतर बहुधा नव्वद दिवसांनी. मीरा रोडला भाड्याच्या वन-बीएचकेत राहून हे काम करणारी मुलं-मुली आज एकाच वेळी मालिकेचे सीन लिहितात, वेब सिरीजचा प्रस्ताव घेऊन अंधेरीत फिरतात, जिंगलला चाल लावतात आणि रात्री यूट्यूबसाठी स्वतःचं काही शूट करतात. इतक्या दगडांवर पाय ठेवणं ही आजच्या काळाची सक्ती आहे असं त्यांना वाटतं. मराठीत ही वाट सत्तर वर्षांपूर्वी एक माणूस चालून गेला आहे. कुठल्या वळणावर त्याने काय सोडलं आणि काय हातात धरलं, ते पाहण्यासारखं आहे.

पु. ल. देशपांडे यांना आपण पुस्तकांतून आणि कॅसेटमधून ओळखतो, त्यामुळे त्यांची सिनेमातली कारकीर्द झाकली जाते. १९४७ च्या ‘कुबेर’पासून पुढची सहा-सात वर्षं ते मराठी चित्रपटात अक्षरशः राबत होते. ‘वंदे मातरम्’मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई दोघेही पडद्यावर होते. ‘देव पावला’ला त्यांचं संगीत होतं, माणिक वर्मांनी गायलेलं ‘कबिराचे विणतो शेले’ त्यातलंच. ‘देवबाप्पा’तलं ‘नाच रे मोरा’ तर आजही प्रत्येक बालवाडीच्या स्नेहसंमेलनात वाजतं, आणि त्यावर नाचणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही ती चाल पुलंची आहे हे बहुधा ठाऊक नसतं.

मग १९५३ साली ‘गुळाचा गणपती’ आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका, सगळं एकाच माणसाचं. गीतं गदिमांची होती. पंडित भीमसेन जोशींनी गायलेलं ‘इंद्रायणी काठी’ या चित्रपटातलं. भीमसेनांचा गळा केवढ्या ताकदीचा, तरी या चालीत पुलंनी त्याला ताना मारायला मोकळं सोडलेलं नाही. वारकरी भजनाची साधी ठेवण, ठेका घट्ट, आणि गायकाला जागा फक्त शब्द उघडण्यापुरती. गाणं चित्रपटात कशासाठी आहे हे ज्याने पटकथा लिहिताना ठरवलं, त्यालाच ही शिस्त पाळता येते.

उलट दिशेनंही हेच घडलं. पेटी वाजवणाऱ्या माणसाचा कान त्यांच्या संवादांत सतत जागा असतो. ‘तुझे आहे तुजपाशी’ या त्यांच्या नाटकातला काकाजी बोलतो ती हिंदी मिसळलेली माळव्याकडची मराठी, वाक्यं लहान, रेंगाळणारी, समेवर अलगद येणारी. आचार्यांची वाक्यं लांब, तोललेली, व्याख्यानाच्या घाटाची. कोण कोणत्या बाजूचा आहे हे प्रेक्षकाला युक्तिवादाच्या आधी लयीतून कळतं. मालिकेत सगळी पात्रं एकाच पट्टीत बोलतात ही तक्रार आपण रोज करतो. माझ्या मते तिचं मोठं कारण हेच, की संवाद डोळ्यांनी लिहिले जातात, मोठ्याने म्हणून पाहायला वेळच नसतो.

‘गुळाचा गणपती’वर ‘सब कुछ पु. ल.’ हे बिरुद कायमचं चिकटलं. पण चित्रपटाची मालकी निर्मात्याकडे असते. लेखक-संगीतकाराने रक्कम घेतली की त्याचा संबंध संपला, हीच तेव्हाची रीत होती. या चित्रपटानंतर पुलंनी सिनेमाकडे जवळपास पाठ फिरवली आणि १९५५ मध्ये आकाशवाणीत नोकरी धरली. तिथेही हात थांबले नाहीत. मंगेश पाडगावकरांच्या ‘बिल्हण’ संगीतिकेला त्यांनी चाली दिल्या. अभिषेकीबुवांचं ‘शब्दावाचून कळले सारे’ त्यातूनच आलं. पुढे बीबीसीत प्रशिक्षण घेऊन ते दिल्लीला १९५९ साली सुरू झालेल्या दूरदर्शनवर गेले. दूरदर्शनसाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेणारे तेच. नवं माध्यम आलं की त्याचं तंत्र आधी शिकून घ्यायचं, ही त्यांची सवयच होती.

पण या कारकिर्दीतलं खरं वळण मला त्यानंतरचं वाटतं. सरकारी नोकरी सोडून ते ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटेच रंगमंचावर उभे राहिले, पाठोपाठ ‘वाऱ्यावरची वरात’ आली. लिहिणारे ते, सादर करणारे ते आणि निर्मातेही घरचेच. हिशेब आणि हक्क सुनीताबाईंनी ज्या काटेकोरपणे सांभाळले, त्याबद्दल त्यांना लोकांनी कठोर ठरवलं. तो कठोरपणा नसता तर पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान उभंच राहिलं नसतं, आणि १९८६ साली पुण्यात व्यसनमुक्तीसाठी सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ला सुरुवातीचा आधारही मिळाला नसता. चाळीचे प्रयोग तर त्यांनी ऐन गर्दीत बंद केले. किती प्रयोग लावायचे आणि कधी थांबायचं, हे निर्माता वेगळा असता तर त्यांना ठरवता आलं असतं का?

सिनेमात मात्र कायद्याने लेखकाला फार उशिरा हात दिला. निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीतावर पहिला हक्क निर्मात्याचाच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला होता. तो धागा तुटला २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडलं तर चित्रपटातल्या लिखाणाच्या आणि संगीताच्या इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत लेखक, गीतकार आणि संगीतकारांचा समान वाटा आहे, आणि तो करारात सही करूनही सोडून देता येत नाही. पुलंनी सिनेमासाठी पुन्हा मोठं काम केलं ते या दुरुस्तीच्या आधीच, १९९२ च्या ‘एक होता विदूषक’साठी, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यावेळी कथा-पटकथा त्यांची होती, संगीत आनंद मोडकांचं.

हा समान वाट्याचा हक्क कागदावर आहे, पण मालिकेच्या आणि वेब सिरीजच्या करारात तो कसा लपवला जातो, कोणत्या कलमावर सही करण्याआधी थांबायचं आणि स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची नोंदणी कधी करायची, ते पुढच्या भागात.