गाभण गाईपुढील पेंच

गाय गाभडली म्हणजे आपण तिचें पडणें, जड चारा किंवा दृष्ट यांवर दोष ढकलून मोकळे होतों. पहिलीं दोन कारणें क्वचित् खरींही असतील. परंतु खाण्यापिण्यांत कांहीं उणें नसलेली, धडधाकट गाय पांचव्या-सहाव्या महिन्यांत गाभ टाकते, तेव्हां इतर रोगांबरोबर एका एकपेशीय परोपजीवी जंतूचाही संशय घ्यावा लागतो. निओस्पोरा कॅनिनम हें त्याचें नांव.

१९८४ सालीं नॉर्वेमध्यें कुत्र्याच्या पांगळ्या झालेल्या पिलांत तो प्रथम दिसला. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ जे. पी. दुबे व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं अमेरिकेंत त्याचें नामकरण केलें. कुत्रा हा त्याचा मुख्य यजमान, हें १९९८ सालीं सिद्ध झालें. बाधित कुत्र्याच्या विष्ठेंतून जंतूचीं बीजें चाऱ्यांत व पाण्यांत जातात आणि गाईच्या पोटांत शिरतात. उलट, बाधित गाईची वार खाऊन कुत्र्याला बाधा होते. याहून बिकट मार्ग दुसराच आहे. हा जंतु आईकडून थेट गर्भांत उतरतो. अशीं पुष्कळ वासरें वरवर निरोगी जन्मतात. पण त्यांतील कालवड पुढें गाभण राहिली, कीं तोच वारसा ती आपल्या वासराला देऊं शकते.

हा जंतु शरीराच्या पेशींत शिरून वाढतो. रक्तांतील प्रतिद्रव्यें पेशीबाहेरच्या शत्रूला अडवितात. आंत दडलेल्यास हुडकण्याचें काम मुख्यतः पांढऱ्या पेशींचें. त्या इंटरफेरॉन गॅमा नांवाचें द्रव्य सोडतात आणि त्यायोगें जंतूची वाढ रोखली जाते. एऱ्हवीं हा बंदोबस्त चांगला असतो. परंतु गर्भ हा निम्मा पित्याचा, म्हणजे आईच्या शरीराला निम्मा परका. त्याला परका समजून हांकलून देऊं नये, म्हणून वारेच्या ठिकाणीं निसर्ग ही लढाऊ वृत्ति आवरून धरतो. गाभणपणाच्या मधल्या काळांत हा आवर विशेष दिसतो, आणि त्याच सुमारास सुप्त जंतु जागा होऊन वारेंत पोंचूं शकतो. आवर कायम राहिला तर जंतु माजतो. तो सुटून दाह पेटला तर वारेचीच हानि होऊन वासरूं दगावतें. उंदरासाठीं घर जाळण्यासारखाच हा प्रकार!

गर्भाचें वयही महत्त्वाचें. आरंभींच्या महिन्यांत त्याला स्वतःची प्रतिकारशक्ति जवळजवळ नसते. तेव्हां बाधा झाल्यास तो सहसा वांचत नाहीं. अखेरच्या महिन्यांत तो स्वतः झुंजूं शकतो, म्हणून बहुधा जिवंत जन्मतो; पण जंतु घेऊनच.

म्हणूनच येथें लस तयार करणें अवघड झालें आहे. मृत जंतूंची एक लस अमेरिका व न्यूझीलंड येथें विकली गेली. तिनें प्रतिद्रव्यें निर्माण झालीं, पण गाभडणें पुरेसें टळेना, आणि ती बाजारांतून काढून घेण्यांत आली. उलट, गाभण राहण्यापूर्वीं जिवंत जंतूची बाधा दिलेल्या गाईंना पुढें गाभणपणीं पुन्हा तोच जंतु टोंचला असतां त्यांच्या गर्भांचें संरक्षण झालें, असें स्कॉटलंडमधील प्रयोगांत दिसून आलें. त्या धोरणानें ऑस्ट्रेलिया व स्पेन येथें मवाळ जातीचे जंतु निवडून लशींचे प्रयोग झाले. मात्र टोंचलेला जिवंत जंतुच शरीरांत ठाण मांडून बसणार नाहीं, याची खात्री व्हावी लागते. शिवाय जन्मापासून जंतु बाळगणाऱ्या गाईला तिची स्वतःची प्रतिकारशक्तिही गर्भापर्यंतची त्याची वाट पुरती बंद करून देत नाहीं.

भारतांतील गुरांच्या रक्तांतही या जंतूविरुद्धचीं प्रतिद्रव्यें आढळलीं आहेत. तेव्हां लशीची वाट पाहत बसूं नये. वार व गाभडलेलें वासरूं उकिरड्यावर न टाकतां खोल पुरावें. चारा व पाणी यांना कुत्र्यांचा स्पर्श होऊं देऊं नये. गाय गाभडल्यास पशुवैद्याकडून रक्ताची परीक्षा करवून घ्यावी, आणि बाधित गाईची कालवड पैदाशीसाठीं ठेवण्यापूर्वीं तिचीही परीक्षा करावी. ज्या घराची चूल एका गाईच्या दुधावर चालते, त्या घरीं एक वासरूं वांचणें म्हणजे वर्षाची बेगमी वांचणें होय.